जुन्या एअर पिस्तुलाला रंग देताना : डब्याआधी धातू ओळखा

गोंडपिपरी : बल्लारपूरहून कोठारीमार्गे आष्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वर्धा आणि वैनगंगा या नद्यांच्या बेचक्यात गोंडपिपरी तालुका वसला आहे. मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि मृगानंतरचे चार महिने दमटपणा भिंतींना आणि कपाटांना सोडत नाही. लोखंडावर दिलेला रंग टिकाऊ होता की नुसताच चकचकीत, याचा निकाल अशा हवेत एका वर्षात लागतो. पुण्या-नागपूरच्या घरात जो रंग चार वर्षे निभावून जाईल, त्याची परीक्षा येथे पहिल्याच पावसाळ्यात होते. म्हणूनच जुन्या एअर पिस्तुलाच्या रंगाचा विचार करताना गोंडपिपरीसारख्या जंगलपट्ट्यातील गाव डोळ्यांसमोर ठेवणे शहरी वाचकालाही उपयोगाचे ठरावे.

वडिलांनी वा काकांनी हौसेने घेतलेले छऱ्याचे पिस्तूल अनेक घरांत पडून असते. यंत्र चालू असते, नेमही बरा असतो. मात्र नळीवर तांबूस गंज आणि मुठीजवळ रंगाचे पोपडे दिसू लागतात. मग हार्डवेअरच्या दुकानातून काळ्या रंगाचा स्प्रेचा डबा आणला जातो, अंगणात वर्तमानपत्र अंथरून दोन हात मारले जातात आणि संध्याकाळपर्यंत पिस्तूल नव्यासारखे दिसू लागते. सहा महिन्यांनी तोच रंग नखाने निघतो. दोष बहुधा डब्यावरील कंपनीच्या नावाला दिला जातो. वास्तविक टिकाऊपणाच्या हिशेबात कंपनीचे नाव सर्वांत शेवटी येते. धातू कोणता, तो किती स्वच्छ झाला, त्यावर अस्तर कोणते चढले आणि रंगाला पिकायला किती दिवस मिळाले, या चार गोष्टी आधी येतात.

एअर पिस्तुलाची झीज कोठे होते हे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. या पिस्तुलाची नळी बंदुकीसारखी तापत नाही, त्यामुळे उष्णता हा येथे प्रश्नच नाही. स्प्रिंगच्या पिस्तुलात प्रत्येक बाराला दट्ट्या जोराने पुढे आदळतो, सगळे अंग हादरते आणि धारेच्या कडांवरील रंग सुटू लागतो. नळी मोडून भरायच्या पिस्तुलात दर वेळी हात नळीच्या टोकाला पडतो. घामातील मीठ तेथेच साचते. भर म्हणून तेल असतेच. म्हणजे आपल्याला हवा असलेला रंग तीन गोष्टी सोसणारा हवा : हादरा, घाम आणि तेल.

चुंबकाची परीक्षा

डबा विकत घेण्यापूर्वी फ्रिजवरचे साधे चुंबक पिस्तुलावर फिरवून पाहावे. नळी आणि सिलिंडरला ते चिकटेल, कारण हे भाग पोलादी असतात. मधले अंग, चाप आणि त्याचे कडे मात्र अनेक पिस्तुलांत चुंबकाला दाद देत नाही. ते जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव काम असते, ज्याला कारागीर ‘मॅझॅक’ म्हणतात, किंवा ॲल्युमिनियम असते. एकाच वस्तूवर दोन स्वभावांचे धातू असल्यामुळे दोन्हींना एकच उपचार चालत नाही. घरगुती रंगकाम फसण्याचे हे पहिले कारण आहे.

साधा सिंथेटिक इनॅमल रंग तेलयुक्त रेझिनचा असतो. पोलादावर तो नीट बसतो. जस्तावर थेट मारला तर रंगातील तेलाम्लांची जस्ताशी प्रक्रिया होऊन रंगाखाली साबणासारखा पातळ थर तयार होतो आणि वरची कातडी अखंड सुटून येते. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावरचा रंग वर्षभरात सालीसारखा का निघतो, याचेही उत्तर हेच. अशा भागांवर आधी वॉश प्रायमर, म्हणजे धातूला किंचित कोरून पकड घेणारे अस्तर, अत्यंत पातळ मारावे लागते. पोलादावर झिंक फॉस्फेटचा प्रायमर उत्तम. खिडक्यांच्या गजांना लावतात तो तांबडा रेड ऑक्साइड प्रायमर गंजाला अडवतो खरा, पण त्याचा थर जाड आणि भरड असतो. नाजूक कोरीव अक्षरे त्याखाली बुजून जातात.

जुना रंग काढण्याच्या बाबतीतही हाच भेद. सायकलच्या सांगाड्याचा रंग काढायला कारागीर कॉस्टिक सोडा वापरत आले आहेत. पोलादी नळीला तो चालेल. ॲल्युमिनियम आणि जस्ताला मात्र तो खाऊन टाकतो आणि वर ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सोडतो. संडास साफ करण्याचे ॲसिड तर कोणत्याच भागाला लावू नये. पोलादावरील गंजाला फॉस्फोरिक ॲसिडचा रस्ट रिमूव्हर योग्य. तो गंज काढून फॉस्फेटचा पातळ थर मागे ठेवतो. नंतर मात्र धुऊन लगेच कोरडे करावे लागते. ओले पोलाद दमट हवेत काही मिनिटांत पुन्हा तांबूस होते.

जुना रंग घासताना वॉटर पेपर पाण्यात भिजवूनच वापरावा. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनी घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांवर आणले आणि ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वीच्या रंगात शिसे असण्याची शक्यता गृहीत धरलेली बरी. शिवाय छरेही बहुधा शिशाचेच असतात. ती धूळ कोरडी उडाली तर घरातील लहान मुलांच्या फुप्फुसांत जाते.

डब्यात असते काय?

बाजारात ‘स्प्रे पेंट’ या एकाच नावाखाली निरनिराळ्या जातींचे रंग विकले जातात. सर्वांत सहज मिळतो तो ॲक्रिलिक किंवा नायट्रोसेल्युलोज लॅकर. जुन्या गॅरेजवाल्यांच्या भाषेत ‘ड्युको’. तो दहा-पंधरा मिनिटांत वाळतो, ओघळ आले तर घासून पुन्हा मारता येतो आणि नवशिक्याला सांभाळून घेतो. पण तो केवळ द्रावक उडून गेल्यामुळे वाळलेला असतो, त्यामुळे थिनरचा बोळा फिरवताच पुन्हा विरघळतो. बंदुकीच्या तेलातील आणि गंज सोडवणाऱ्या फवाऱ्यातील द्रावके त्याला हळूहळू मऊ करतात. पिस्तूल भिंतीवर टांगून ठेवायचे असेल तर लॅकर पुरेसा आहे. हाताळायचे असेल तर नाही.

सिंथेटिक इनॅमल त्याहून चिवट. तो हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होतो, म्हणून हाताला कोरडा लागला तरी आतून कच्चाच असतो. पहिला हात दिल्यावर डब्यावर लिहिलेल्या वेळेतच दुसरा द्यावा. ती वेळ टळली तर रंग पूर्ण पिकेपर्यंत थांबावे. मधल्या काळात घाई केली तर खालचा थर फुगून सुरकुत्या पडतात. पूर्ण पिकायला दोन ते तीन आठवडे लागतात, आणि या काळात तेल लावणे म्हणजे केलेल्या कामावर पाणी फिरवणे.

टिकाऊपणात या दोघांच्या पुढे असतो तो दोन घटकांचा पॉलियुरेथेन, ज्याला पेंटर ‘टू-के’ म्हणतात. मोटारींच्या अंगावर असतो तो हाच प्रकार. रंग आणि हार्डनर एकत्र आले की रासायनिक जाळे तयार होते. मग पेट्रोल, तेल, घाम यांची मात्रा चालत नाही. याचे स्प्रे डबेही निघतात. डब्याच्या बुडाची कळ दाबली की आतला हार्डनर मिसळतो आणि त्यानंतर साधारण दोन दिवसांत डबा संपवावा लागतो, कारण उरलेला रंग आतच घट्ट होतो. परंतु हार्डनरमधील आयसोसायनेट श्वासातून गेल्यास कायमचा दमा जडू शकतो. कापडी किंवा धुळीचा मास्क येथे काहीच कामाचा नाही. दम्याचा त्रास असलेल्या व्यक्तीने तर त्या जागेच्या जवळपासही थांबू नये.

म्हणून येथे एक व्यवहार्य मत नोंदवावेसे वाटते : स्प्रेच्या डब्याचाच हट्ट धरू नये. पिस्तूल खोलून, घासून, स्वच्छ करून फक्त सुटे बाह्य भाग मोटारीच्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजात द्यावेत. तेथे वॉश प्रायमर, टू-के रंग, कॉम्प्रेसर आणि योग्य मास्क हे सगळे असते. एखाद्या गाडीच्या बंपरला रंग देताना उरलेल्या काळ्या रंगात आपले काम होऊन जाते. पूर्ण जोडलेले पिस्तूल मात्र गॅरेजात सोडून येऊ नये. सुटी नळी आणि कवच हे रंगकाम आहे. अख्खे पिस्तूल दुसऱ्याच्या ताब्यात देणे ही निराळी गोष्ट आहे.

परदेशात बंदुकांसाठी खास इपॉक्सी आणि सिरॅमिक रंग मिळतात. सेराकोट हे त्यांतील प्रसिद्ध नाव. त्याच्या भट्टीच्या प्रकाराला सुमारे १२० अंश सेल्सिअसवर दोन तास भाजावे लागते आणि त्याचा थर साधारण २५ मायक्रॉनचा, म्हणजे केसाहून बारीक असतो. अमेरिकेत ब्राउनेल्सचा हवेत पिकणारा इपॉक्सी स्प्रेही वापरतात. तो पिकायला आठवडा-दोन आठवडे घेतो. मात्र दाबाखालचे स्प्रे डबे विमानवाहतुकीत धोकादायक माल समजले जातात, त्यामुळे ते परदेशातून मागवणे सोपे नाही. गोंडपिपरीत बसून त्यांची वाट पाहण्यात अर्थ नाही.

सायलेन्सरच्या रंगाचा मोह

दुकानदार हटकून पुढे करतो तो ‘हीटप्रूफ’ म्हणजे मोटारसायकलच्या सायलेन्सरचा मॅट काळा रंग. ६०० अंश सोसणारा रंग पिस्तुलाला टिकणारच, असा साधा तर्क त्यामागे असतो. तर्क उलटा पडतो. हा सिलिकॉन रेझिनचा रंग पूर्ण घट्ट होण्यासाठी सुमारे २०० अंशांपर्यंत तापावा लागतो. सायलेन्सरवर ते काम इंजिन करते. एअर पिस्तूल कधीच तापत नाही, म्हणून रंग कायम कच्चा राहतो आणि बोटाला काळे लागत राहते. भट्टीत घालायचे तर रबरी वॉशर, स्प्रिंग आणि प्लॅस्टिक सगळे काढावे लागते. स्वयंपाकघरातील ओव्हन या कामाला वापरू नये. त्यातील धूर पुढे अन्नाला लागतो.

तशीच गोष्ट अतिमॅट रंगाची. छायाचित्रात तो देखणा दिसतो. परंतु त्यातील झळाळी मारणाऱ्या पुडीमुळे पृष्ठभाग सच्छिद्र राहतो, घाम आणि तेलकट बोटांचे डाग त्यात मुरतात. सॅटिन, म्हणजे मंद झळाळीचा काळा रंग हातात अधिक दिवस टिकतो.

हवा पाहून हात मारावा

चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात रंगकामासाठी दिवाळीनंतरचा महिना-दीड महिना आणि पुढे फेब्रुवारी ते मार्चचा पूर्वार्ध हा काळ उत्तम. सकाळी दव उडाल्यावर नऊ-दहाच्या सुमारास काम सुरू करावे. पावसाळ्यात लॅकर मारला तर द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतील बाष्प धरते आणि काळा रंग पांढुरका पडतो. मे महिन्यातील दुपारी उलटे घडते : फवाऱ्यातील थेंब धातूपर्यंत पोचण्याआधीच वाळतात आणि पृष्ठभाग भरड, पीठ भुरभुरल्यासारखा होतो. शिवाय या डब्यांत दाब देणारा वायू बहुतेक वेळा ज्वालाग्राही असतो आणि डबा ५० अंशांच्या वर तापू देऊ नये अशी सूचना त्यावर असते. चंद्रपूरच्या उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत हे तापमान सहज ओलांडले जाते. डबा गाडीत विसरणे हा येथे निष्काळजीपणा नव्हे, अपघात आहे.

प्रत्यक्ष कामातली तंत्रे थोडकी आहेत. आतली गोळी वाजू लागल्यावर डबा आणखी दोन मिनिटे हलवावा. २५ ते ३० सेंटिमीटर अंतरावरून, वस्तूच्या बाहेर फवारा सुरू करून बाहेरच संपवावा. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात केव्हाही सरस. जाड हाताला ओघळ येतात आणि कडांवरचा रंग मात्र आकसून पातळच राहतो. रंगापूर्वी शेवटचा बोळा थिनरचा आणि त्यानंतर उघड्या बोटांचा स्पर्श नाही. पूर्वी कधी सिलिकॉनचे तेल मारलेले असेल तर रंगात माशाच्या डोळ्यांसारखे गोल खळगे पडतात. अशा वेळी दोन-तीनदा बोळा बदलून पुसावे.

रंग कोठे नको

सर्वांत आधी पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करावी. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांडीवर चालणारे असेल तर नळकांडी काढून उरलेला दाब सोडून द्यावा. स्प्रिंगच्या पिस्तुलात आतली स्प्रिंग जोडलेल्या अवस्थेतही दाबाखाली असते. मागची पिन काढताच ती डोळ्याच्या दिशेने सुटू शकते, म्हणून शिकंजा नसेल तर हे काम जाणकाराकडे सोपवावे.

नळीच्या आतील भाग, सिलिंडरची आतली भिंत, दट्ट्या, चापाच्या आतले एकमेकांवर घासणारे खाचे आणि नळीच्या मागचे हवाबंद वॉशर, येथे रंगाचा एक थेंबही जाता कामा नये. अस्तर आणि रंग मिळून ५० ते ७५ मायक्रॉनचा थर सहज चढतो. बाहेर तो दिसतही नाही. चापाच्या खाचेत मात्र तो पकड बदलतो आणि पिस्तूल हात न लावता सुटू शकते. नळीच्या दोन्ही टोकांना कागदाची घट्ट गुंडाळी घालून रंग द्यावा.

स्पर्धेच्या पिस्तुलांबाबत आणखी एक इशारा. बालेवाडीच्या किंवा वरळीच्या रेंजवर दिसणारी दहा मीटरची आधुनिक पिस्तुले दाबाखालच्या हवेच्या सिलिंडरवर चालतात. त्या सिलिंडरवर निर्मितीची किंवा मुदतीची तारीख कोरलेली असते आणि युरोपीय बनावटीच्या अनेक सिलिंडरांची मुदत दहा वर्षांची असते. त्यावर रंग चढवून तारीख झाकू नये, तो भट्टीत घालू नये आणि रंग काढण्याचे रसायनही त्याला लावू नये.

काही पिस्तुलांना रंगच देऊ नये. वेब्ली अँड स्कॉट या बर्मिंगहॅमच्या कंपनीने १९२४ पासून एअर पिस्तुले बनवली. त्या काळच्या पोलादी पिस्तुलावरची निळसर काळी झळाळी हा रंग नसून लोखंडाचाच ऑक्साइड असतो. त्याला जाडी नसते, म्हणून अक्षरे आणि कडा धारदार राहतात. संग्राहकाच्या लेखी झिजलेली मूळ झळाळी नव्या कोऱ्या रंगापेक्षा मोलाची असते. अशा पिस्तुलाला तेलाचा बोळा आणि कोरडी जागा एवढेच द्यावे.

क्रमांक बुजवू नका

शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिलिमीटर म्हणजे ०.१७७ इंचांहून मोठा व्यास किंवा २० ज्यूलहून अधिक ऊर्जा असलेल्या हवाई शस्त्राला परवाना लागतो. त्याखालील पिस्तूल परवान्याविना बाळगता येते, एवढ्यावरून ते खेळणे ठरत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील अग्निशस्त्राची व्याख्या स्फोटकाबरोबरच ‘इतर प्रकारच्या ऊर्जे’ने मारा करणाऱ्या शस्त्रालाही कवेत घेते आणि त्याच अधिनियमाचे कलम ८ अशा शस्त्रावरील नाव, क्रमांक वा ओळखखूण पुसण्यास मनाई करते. खूण पुसलेले शस्त्र ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ती पुसली, असे कायदा गृहीत धरतो; उलट सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. गंजाबरोबर क्रमांकही घासून काढणाऱ्या हौशी कारागिराने हे ध्यानात ठेवावे. रंगापूर्वी क्रमांकावर बारीक चिकटपट्टी लावावी आणि त्याचे छायाचित्र खरेदीच्या पावतीसोबत जपून ठेवावे.

गोंडपिपरीच्या परिसरात हा मुद्दा अधिकच टोकदार आहे. कन्हाळगाव अभयारण्याला राज्य वन्यजीव मंडळाने डिसेंबर २०२० मध्ये मान्यता दिली. वैनगंगेपलीकडे चपराळा अभयारण्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही आणि त्या कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत प्राण्याला इजा करू शकणारे कोणतेही साधन येते. एअर पिस्तूल त्यातून सुटत नाही. नुकतेच काळे कुळकुळीत केलेले पिस्तूल मोटारसायकलच्या डिकीत टाकून त्या रस्त्याने जाणाऱ्याला नाक्यावर प्रश्न विचारले गेले, तर त्यात नवल नाही. दहा पावलांवरून ते खरे की छऱ्याचे हे कोणालाच सांगता येत नाही. रंगासाठी सुटे भाग चंद्रपूरला न्यायचे असतील तर पावती सोबत असावी.

पारख

सगळ्यात स्वस्त विमा म्हणजे आधी भंगारातल्या पाइपाच्या तुकड्यावर तोच प्रायमर आणि तोच रंग मारून पाहणे. तीन आठवड्यांनी ब्लेडने त्यावर चौकटीच्या बारीक रेघा ओढाव्यात, चिकटपट्टी दाबून बसवावी आणि झटक्याने ओढावी. चौकटी पट्टीबरोबर निघाल्या तर दोष पकडीत आहे, म्हणजे साफसफाईत किंवा प्रायमरमध्ये. दुसऱ्या जागी नेहमीच्या तेलाचा थेंब रात्रभर ठेवून सकाळी नख रोवून पाहावे. नख रुतले तर दोष रंगाच्या जातीत आहे किंवा तो अजून पिकलेला नाही. तुकडा दोन्ही परीक्षांत उतरला की मगच पिस्तुलाला हात लावावा, आणि रंग दिल्याची तारीख डब्यावर लिहून ठेवावी. तेलाचा पहिला बोळा त्यानंतर तीन आठवड्यांनी.